सागातले सात खिळे

धायरी,
१८ फेब्रुवारी २००१

ती. कुसुमआत्यास नमस्कार.

तुमच्या गावातल्या एसटीडी बूथवर मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा बूथवाल्याने "आत्याबाईंना निरोप देतो" म्हटलं आणि माझ्या लग्नाचं कुठपर्यंत आलं ते विचारलं. म्हणून पत्र.

रस्ता रुंद करताना फाटकाजवळचा साग गेला. महापालिकेची माणसं दीड दिवसात तोडून मोकळी झाली. बुंध्याकडचा साडेआठ फुटांचा तुकडा मी रीतसर अर्ज करून ठेवून घेतला आहे. घेर पाच फूट दोन इंच. त्याच्या फळ्या पाडून फाटकाशी दहा बाय बाराची लाकडी खोली बांधणार आहे. बाबांच्या खोलीत बसून मला काम होत नाही.

खोड टेम्पोत घालून टिंबर मार्केटला नेलं होतं. वखारीच्या मालकाने कापलेल्या टोकाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, लाकूड आणलंत की भंगार?" सागाच्या पिवळ्या लाकडात शाईसारखे काळे डाग उतरले होते. आत लोखंड असलं की लाकूड असं काळं पडतं. "माझी करवत तुटली तर ती उडते, आणि उडताना कोणाच्या मानेवर जायचं ते मला विचारत नाही. आपण हे घरी घेऊन जा." मी घेऊन आले.

आता घरीच कापणार आहे. बोहरी आळीतून साखळीची विजेची करवत घेतली. खोडावर दोन लोखंडी अँगल समांतर बसवायचे आणि त्यांच्यावरून करवत सरकवायची, म्हणजे फळी सरळ निघते. लोखंड शोधायला बुधवार पेठेतून तांब्याची तार, दोन ट्रान्झिस्टर आणि एक हेडफोन आणून साधं यंत्र केलं. तारेचं वेटोळं खोडावरून फिरवायचं. लोखंडाशी आलं की कानातला सूर चढतो.

सात ठिकाणी चढला. सातही रस्त्याच्या बाजूला. सहा जमिनीपासून साडेचार फुटांवर, आडव्या ओळीत, जवळजवळ सारख्या अंतरावर. सातवा बराच खाली.

हे कोणी ठोकले आणि कशासाठी, तुला माहीत असेल तर कळव. करवत लावण्याआधी कळलं तर बरं.

राजनंदिनी


नसरापूर,
२६ फेब्रुवारी

चि. नंदूस आत्याचे खूप आशीर्वाद.

पोस्टमन म्हणाला, धायरीचं पत्र, भाचीचं ठरलं वाटतं. मी हात पुसून घेतलं आणि बघते तर काय, लाकूड. अगं, तुझ्या बरोबरीच्या पोरी आपली पोरं शाळेत सोडायला लागल्या आणि तू ओंडके फाडतेस. आमचे हे, तुझे मामा, म्हणतात, इंजिनियर केली ती सुताराच्या पोटावर पाय द्यायला का? अमेरिकेला जाणार होतीस त्याचं काय झालं?

खिळ्यांचं विचारलंस. कसले खिळे आणि कसलं काय. म्हशीचं दावं अडकवायला, धुणं वाळत घालायची दोरी बांधायला तुझ्या आजोबांनी ठोकले असतील. जुन्या माणसांना झाड दिसलं की खिळा सुचायचा. पण तू त्यांना हात लावू नको. गंजकं लोखंड लागलं की धनुर्वात होतो.

मी सांगते ते ऐक. होळी आलीच आहे. ते खोड आळीतल्या होळीला देऊन टाक. सगळं एकदम जळू दे. खोली पत्र्याची बांध, उन्हाळ्यात तापेल, तापू दे.

आणि कापायचंच असेल तर खिळा असेल तिथला तुकडा तसाच बाजूला ठेव. खिळा उपटू नको. नंदू, माझ्या गळ्याची शपथ आहे.

जेवण वेळेवर करत जा.

तुझी आत्या


धायरी,
१४ मार्च

ती. आत्यास,

अमेरिकेतली कामं थंडावली आहेत. गेलेल्यांपैकी दोघे परत आले.

तुझ्या पत्रातली दोन वाक्यं एकमेकांशी जुळत नाहीत. दाव्यासाठी ठोकलेले खिळे कोणी होळीत जाळायला सांगत नाही. शिवाय आजोबा १९७७ मध्ये गेले आणि पहिला खिळा १९८० चा आहे.

हे मी कसं म्हणते ते लिहिते. साग दर वर्षी पानं गाळतो आणि पावसाळ्यात पुन्हा वाढतो. म्हणून त्याच्या लाकडात वर्षाला एक वर्तुळ स्पष्ट दिसतं. खिळा ठोकला की त्या वर्षीच्या लाकडाला जखम होते आणि पुढची वर्तुळं ती जखम झाकत जातात. सालीकडून आत वर्तुळं मोजली की वर्ष मिळतं. करवतीची साखळी तीनदा बोथट झाली, पण सातही जागा मी छिन्नीने उघडल्या आणि भिंगाखाली मोजल्या. १९८०, ८१, ८२, ८३, ८४, ८५, ८६. दर वर्षी एक. जखम प्रत्येक वेळी त्या वर्षीच्या वाढीच्या मध्यावर आहे. म्हणजे साधारण श्रावण.

तिसऱ्या खिळ्याच्या माथ्याखाली हिरव्या काचेचा तुकडा निघाला. बांगडीचा आहे.

गेनबा देवऋषी झाडात खिळा कशासाठी ठोकायचा हे धायरीत वाढलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. लागीर उतरवायचं, झाडात घालायचं, वर खिळा. एकदा खिळवलं की सुटत नाही असं तो छाती ठोकून सांगायचा. मग सात वेळा का? एकच यंत्र दर वर्षी दुरुस्त करावं लागत असेल तर मी यंत्राकडे बघत नाही, बिघाडाचं निदान बरोबर होतं का ते तपासते.

दुसरी गोष्ट. मोठेपणी मी हे कोणाला सांगितलेलं नाही. लहानपणी नागपंचमीला मला फाटकाबाहेर एक बाई दिसायची. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, हात पदराखाली. पुढच्या खोलीतल्या हार घातलेल्या फोटोतली बाई. माझी आई १९७८ मध्ये तापाने गेली असं मला सांगितलं होतं. दर वेळी माझ्या शेजारी तू उभी असायचीस. आजी ओसरीवरून ओरडायची, "कोण हाय तिथं?" आणि तू म्हणायचीस, "कोणी नाही, आई. मला तर कोणी दिसत नाही."

फळ्यांची थप्पी फाटकाशी रचली आहे, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळावा म्हणून. रोज साडेचारच्या सुमारास तिच्यातून टक असा आवाज येतो. ओलं लाकूड उन्हाने आकसताना आवाज करतं. काल आवाज आला तेव्हा आभाळ भरलेलं होतं. ऊन नव्हतं. मी फक्त नोंद करते आहे.

सातही खिळे मी उपटले. शपथ तू घातलीस, मी घेतली नव्हती.

राजनंदिनी


नसरापूर,
२ एप्रिल

नंदू,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. तीनदा लिहायला बसले. अंगणवाडीत पोरांना गोष्टी सांगण्यात माझी वीस वर्षं गेली, पण ही गोष्ट काही सुरू होईना. आज तुझे मामा म्हणाले, "तिने झाड फोडून काढलंय, आता तू तोंड उघड."

तुझी आई तापाने गेली नाही. अठ्ठ्याहत्तर साली ती गेलीच नाही.

तिच्या दंडावर चट्टा उठला होता, चटका बसला तरी कळायचं नाही. भाकरी करताना हात भाजायचा आणि वास आपल्याला आधी यायचा. तुझ्या बाबांनी, जयसिंगदादाने, डॉक्टरला दाखवलं. महारोग. तेव्हा त्या शब्दाने घरं बसायची. तुझी आजी म्हणाली, ही इथं राहिली तर पोरीला उद्या कोणी दारात उभं करणार नाही. एका पहाटे दादाने मुक्तावहिनीला येरवड्याच्या पुढच्या महारोग्यांच्या वसाहतीत नेऊन ठेवलं. गावाला सांगितलं, माहेरी गेली होती, तिकडेच तापाने गेली. तेराव्याला जेवणावळ घातली. मी स्वतः वाढलं, नंदू. जिवंत बाईच्या तेराव्याचं मी वाढलं. तू साडेतीन वर्षांची होतीस, लाडू मागत होतीस.

दोन वर्षांनी मी तिला भेटायला गेले. तिने फक्त तुझी उंची विचारली. मी हाताने दाखवली. ती म्हणाली, "वन्सं, एकदा लांबून दाखवाल?"

पंचमीला मी माहेरी यायची. दुपारी गावातल्या सगळ्या बायका वारुळाला जात, आळी ओस पडायची. तुझी आजी गुडघ्यांमुळे ओसरीवर असायची, तिला फाटकापर्यंत नीट दिसत नसे. मी तुला नवा फ्रॉक घालून सागाखाली आणायची. वहिनी रस्त्याच्या पलीकडे उभी राहायची. घटकाभर बघायची आणि शेवटच्या बसने जायची. एवढंच ठरलं होतं.

पण तू पहिल्याच वर्षी बोट दाखवून ओरडलीस, "आई आली!" ओसरीवरून आवाज आला, कोण हाय तिथं. मी काय सांगणार होते? मीच तिला बोलावलं म्हणून? आजीने माझं माहेर तोडलं असतं आणि दादाने तिला आणखी लांब नेऊन टाकलं असतं. माझ्या तोंडातून निघून गेलं, कोणी नाही.

 आजीला वाटलं, मुक्ता तिकडे मेली. मेली आणि लेकरासाठी परत आली. दुसऱ्या दिवशी गेनबाला बोलावलं. पंचमीला लोखंडाला हात लावत नाहीत म्हणून दुसऱ्या दिवशी. मी शेजारी उभी होते. एक वाक्य बोलले असते तर खिळा खाली ठेवला असता. नाही बोलले.

मग दर वर्षी तेच झालं. मी पुढच्या वर्षी तिला येऊ नका म्हणायचं ठरवायची आणि ती तुझी उंची विचारायची. बांगडीचा तुकडा फाटकाबाहेर पडलेला आजीला सापडला होता. वहिनीच्या हातून काही धरलं जात नसे, बांगडी फुटली तरी तिला कळायचं नाही.

तू तापाने फणफणायचीस. शाळेत पोरं तुला भुताची म्हणायला लागली. तू बोलणं कमी केलंस ते कायमचं. मला कळत होतं ते का.

आता खरं तेवढं सांगते. ऐंशी ते पंच्याऐंशी, सहा वेळा मी तिला आणलं. शहाऐंशीला विक्रम पोटात होता, आठवा सरला होता, मी माहेरी आलेच नाही. तिला निरोपही धाडला नाही. सातव्या खिळ्याचं मला खरंच माहीत नाही.

तुझी
कुसुमआत्या


धायरी,
८ एप्रिल

आत्या,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. जे वाटलं ते इथे लिहिणार नाही.

सातव्याचं मी सांगते. तो मी ठोकला. पहिल्या पत्रात काहीच माहीत नसल्यासारखं विचारलं, कारण ते तुझ्याकडून ऐकायचं होतं.

१९८६ मध्ये मी अकरा वर्षांची होते. तू आली नव्हतीस. मी एकटीच फाटकाशी गेले, कारण ती येते का ते मला तू नसताना बघायचं होतं. रस्त्यापलीकडे ती उभी होती. आजीला मी काही सांगितलं नाही. बाबांच्या अवजारांतून हातोडा आणि चार इंची खिळा घेतला. माझा तर्क असा होता की सहा वेळा ठोकूनही ती सुटते, म्हणजे गेनबाच्या ठोकण्यात चूक आहे, तो हळू ठोकतो. मी पंचमीलाच ठोकला, तिच्यासमोर. हात जिथपर्यंत जोर लावू शकत होता तिथे. खिळा वाकला, तरी मी माथा सालीत जाईपर्यंत मारत राहिले. वर पाहिलं तेव्हा रस्ता रिकामा होता. त्यानंतर ती कधीही दिसली नाही.

गेली पंधरा वर्षं मी दोनांपैकी एक गोष्ट खरी मानत आले. एक तर मला नसलेलं दिसतं, किंवा मी माझ्या आईच्या भुताला खिळा मारला. पहिली असेल तर डॉक्टरकडे जायला हवं होतं. दुसरी असेल तर कुठे जायचं ते माहीत नव्हतं. तिसरी शक्यता मी कधी मांडलीच नाही, कारण मांडायला लागणारी माहिती तुझ्याकडे होती.

माझे प्रश्न: ती आहे का? असेल तर पत्ता.

राजनंदिनी


नसरापूर,
१६ एप्रिल

नंदू,

आहे.

दादा गेला त्याच्या आदल्या वर्षी मी तिला भेटले. रोग कधीच बरा झाला. डॉक्टर म्हणतात, तिच्यापासून आता कोणालाही काही होत नाही. बोटं आणि एक पाऊल गेलं ते गेलं. तिथे सतरंज्यांच्या मागावर हिशेबाने दोरे मोजून देते, मोजण्यात चूक होत नाही म्हणतात. दादा दर दिवाळीला तिला लुगडं पोचवायचा, हे मला तेव्हाच कळलं. तोही घरात बोलला नाही, मीही नाही. एका ताटात जेवलेली भावंडं आम्ही.

पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. एकदम जाऊन उभी राहू नको, आधी पत्र टाक. तिच्या पुढ्यात कोणी अचानक आलं की ती पदर ओढून घेते.

माझ्यावर राग असेल तर असू दे. फक्त पत्र बंद करू नको.

आत्या


धायरी,
२० एप्रिल

श्रीमती मुक्ताबाई यांस,

मी राजनंदिनी. वय सव्वीस. उंची पाच फूट चार इंच.

आपण हयात आहात हे मला काल कळलं. त्यापूर्वी कळलं असतं तर त्यापूर्वी लिहिलं असतं. बाबा ऑगस्ट १९९९ मध्ये गेले. आजी त्याआधी नऊ वर्षं गेली. घरात मी एकटी असते. यंत्रांची रेखाटनं संगणकावर करण्याचं काम करते. स्वयंपाक जेमतेम येतो.

फाटकाशी मी एक लाकडी खोली बांधते आहे. उभे खांब झाले, छत व्हायचं आहे. आत्या म्हणाली की आपल्या एका पायाला त्रास आहे. म्हणून दाराला उंबरठा ठेवलेला नाही आणि रुंदी साडेतीन फूट घेतली आहे. ही माहिती आहे, आग्रह नाही.

आपली हरकत नसेल तर रविवार, १३ मे रोजी सकाळी अकरा वाजता भेटायला येते. हरकत असल्यास तसं कळवावं. मी पुन्हा विचारणार नाही.

राजनंदिनी


येरवडा,
२ मे

राजनंदिनी,

हे अक्षर शालूचं. ती इथं आमच्या पायांना पट्ट्या बांधते. माझी बोटं पेन धरत न्हाईत. मी बोलते तसंच लिही म्हणून तिला दम दिलाय.

तू मला आपण लिहिलंस. मला आपण म्हणणारी दोनच माणसं, मोठा डॉक्टर आणि पाहणीला येणारी कॉलेजची पोरं. तू तिसरी.

तुझे वडील गेल्याचं तू आत्ता कळवलंस. दोन दिवाळ्या लुगडं आलं न्हाई तवाच मी समजले. टिकली काढून ठेवली. शालू म्हणाली, नक्की कळल्याबिगर कशाला काढता. मी म्हटलं, ते विसरणाऱ्यातले न्हवते.

रविवारी ये. फाटकाच्या आत मात्र मी येणार न्हाई. तुझ्या वडलांना तसा शब्द दिलाय, आणि गावात मी मेलेली हाय. मेलेल्या बाईनं माघारी जाऊन शेजाऱ्यांना कशाला ताप द्यायचा. खोली तुझी तू वापर.

पाच फूट चार इंच म्हणजे माझ्यापेक्षा इंचभर जास्त. बरं झालं.

मुक्ता


धायरी,
१४ मे

ती. आत्यास,

काल जाऊन आले. तुला सगळं हवं असेल, म्हणून क्रमाने लिहिते.

वसाहतीच्या फाटकापासून आत जाताना डाव्या हाताला माग आहेत. रविवार असल्यामुळे बंद होते. त्यांच्यापुढे कडुनिंबाखाली ती स्टुलावर बसली होती. उजव्या पायाला पट्टी, डाव्याला लाकडी पाऊल, डोळ्यांवर जाड चष्मा. पदर ओढलेला नव्हता.

मला पाहून म्हणाली, "उशीर केलास. अकरा लिहिलं होतंस."

मी म्हटलं, "अकरा वाजून चार मिनिटं झालीत."

"मग तेच म्हणते मी."

शालू तोंडावर हात ठेवून आत गेली.  मी उभीच राहिले. ती बघत राहिली. वरून खाली, मग पुन्हा वर. असं बघून घेण्याची तिला सवय असणार. मी हलले नाही. किती वेळ ते मी घड्याळात पाहिलं नाही.

मग तिने विचारलं, "चहा टाकू? माझ्या हातचा चालेल?"

चालेल म्हटलं. दोन्ही तळव्यांमध्ये भांडं धरून तिने चहा ओतला, थेंब सांडला नाही. साखर जास्त होती. कप रिकामा केला.

ती तुझी चौकशी करत होती. तुला काही बोलू नको असं मला दोनदा सांगितलं. "त्या बाईनं मला सहा वेळा लेक दाखवली. दुसऱ्या कोणी एकदा न्हाई दाखवली." हे तिचे शब्द आहेत, मी जसेच्या तसे देते.

तेव्हा मी विचारलं, "शेवटचं कधी आला होतात?"

"पंच्याऐंशीला." लगेच म्हणाली. "शहाऐंशीला पाऊल काढायचं चाललं होतं, दवाखान्यात पडून होते. कुठली येते. त्या वर्षी आलेच न्हाई मी. कोणी आलं न्हाई."

हातोड्याचं मी तिला पत्रात लिहिलं नव्हतं, तोंडीही सांगितलं नव्हतं. तू सांगितलं नसणार, कारण तुलाच मी गेल्या महिन्यात लिहिलं. मी काही विचारण्याआधी तिने माझा डावा हात ओढून घेतला. तिच्या उजव्या हाताला तीन बोटं पेरापर्यंतच आहेत, पकड सगळी तळव्याची. हात उलटा केला, अंगठा वर घेतला आणि चष्म्याजवळ नेला.

"नख नीट आलं होय गं पुन्हा?"

आत्या, त्या दिवशी खिळा वाकला तेव्हा एक घाव माझ्या डाव्या अंगठ्यावर बसला होता. नख काळं पडलं आणि महिन्याने गळलं. शाळेत, घरात, मी हात खिशात ठेवून दिवस काढले. आजीला कळलं नाही, बाबांना नाही. तुलाही मी हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

सागापासून रस्त्याच्या पलीकडच्या कडेपर्यंत तेव्हा सव्वीस फूट होते. तेवढ्या अंतरावरून घाव कुठे बसला ते दिसतं. पण तिथे उभं असावं लागतं. ती म्हणते, ती दवाखान्यात पडून होती. निघण्याआधी शालूने दवाखान्याच्या जुन्या वहीतलं पान काढून दाखवलं, त्यात तसंच लिहिलेलं आहे: शहाऐंशीच्या ऑगस्टचे सगळे दिवस, रोजची पट्टी, नर्सची रोजची सही. ते पान मी नीट पाहिलं. खाडाखोड नाही.

मी पुढे विचारलं नाही. "आलं," म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. हात सोडला नाही. चहाचा दुसरा कप मी उजव्या हाताने प्यायले.

निघताना ती फाटकापर्यंत आली, काठी टेकत. पंचमीला तिकडे काय काय असतं हल्ली, असं विचारलं. मी म्हटलं, वारूळ राहिलं नाही, तिथे सोसायटी झाली आहे, पण सुट्टी मी घेणार आहे. ती म्हणाली, "मग येऊन बघते." फाटकाच्या आत की बाहेर, हे तिने सांगितलं नाही आणि मी स्पष्ट करून घेतलं नाही. आज दुपारी छताच्या शेवटच्या दोन फळ्या बसवल्या. खोलीत अजून टक आवाज येतो. येऊ दे.

शेजारचे आप्पासाहेब संध्याकाळी डोकावून गेले. "काय राजनंदिनी, वॉचमन ठेवताय का?" मी म्हटलं, "आई राहायला येण्याची शक्यता आहे." ते हसले, मग हसायचे थांबले, आणि चप्पल घालून घरी गेले.

तर या वर्षी पंचमीला तू माहेरी ये. दुपारच्या आत पोच. त्या दिवशी फाटकाशी बरीच माणसं जमतील असं दिसतं. कोण आहे तिथं, असं कोणी विचारलं तर दिसतंय ते सांग.

राजनंदिनी